विजेचा पियानो पारखताना

शाळेच्या संगीतवर्गातली हार्मोनियम तुम्ही पाहिली असेलच. कदाचित वाजवलीही असेल. तिची एखादी पट्टी अलगद दाबा किंवा जोराने आपटा, आवाज जवळजवळ तेवढाच येतो. तो लहानमोठा करायचा तर भात्यावरचा हात बदलावा लागतो. कारण पेटीची पट्टी म्हणजे हवेची एक झडप. ती उघडली की सूर वाजू लागतो.

पियानोला भाता नसतो. आवाज किती मोठा हवा हे बोटालाच सांगावे लागते, आणि तेही पट्टी दाबण्याच्या त्या एका क्षणात. माझ्या परिचयातील एका मुलीने तीन वर्षे घरी हलक्या पट्ट्यांच्या, स्वस्त की-बोर्डवर सराव केला. परीक्षेला मात्र समोर खरा पियानो आला. हळुवार वाजवायच्या ओळीत तिच्या पट्ट्या खाली गेल्या, पण चार-पाच सूर उमटलेच नाहीत! परीक्षकांना वाटले, तयारी कच्ची आहे. बिचारीची तयारी उत्तम होती, पण बोटे दुसऱ्याच यंत्रावर शिकलेली. असे का झाले, हे समजले तर उद्या शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी पियानो घ्यायला तुम्ही गुरुजींबरोबर गेलात तर चांगला नग ओळखू शकाल.

प्रथम खऱ्या पियानोच्या आत डोकावू. इटलीतील फ्लॉरेन्स शहरी बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी या कारागिराने इ. स. १७०० च्या सुमारास हे वाद्य बनवले. त्याने १७२० मध्ये तयार केलेला पियानो आजही न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. पियानोची पट्टी ही एक तरफ असते. तिचे पुढचे टोक सुमारे १० मिलिमीटर खाली जाते, मागचे वर उचलले जाते आणि आणखी दोन-तीन तरफांमधून ती गती हातोडीला मिळते. दाबलेल्या लोकरीचे डोके असलेली ही हातोडी पट्टीच्या सुमारे पाचपट वेगाने तारेकडे झेपावते. पण खरी गंमत पुढेच आहे. तार दीड-दोन मिलिमीटरवर राहिली की यंत्रणा हातोडीला सोडून देते. उरलेले अंतर ती स्वतःच्या वेगाने तोडते, तारेवर आपटते आणि मागे फिरते. ती तारेला चिकटून राहिली असती तर तारेचे कंपनच थांबले असते.

हाताबाहेर गेलेल्या चेंडूवर गोलंदाजाचा ताबा उरत नाही, तसेच हे आहे. बोटाने हातोडीला दिलेली एकच गोष्ट तिच्याबरोबर जाते, ती म्हणजे वेग. पट्टी फार सावकाश दाबली तर सुटलेली हातोडी तारेपर्यंत पोचतच नाही. त्या मुलीचे सूर गेले ते असे.

आता विजेच्या पियानोकडे वळू. यात तारा नाहीत, त्यामुळे हातोडीने मारण्यासारखे काहीच नाही. मग आवाजाचा लहानमोठेपणा कसा कळतो? पट्टीच्या मार्गात दोन स्विच एकाखाली एक बसवलेले असतात. पहिला दाबला गेल्यापासून दुसरा दाबला जाईपर्यंतचा वेळ यंत्र मोजते. समजा, दोघांमधील अंतर ४ मिलिमीटर आहे. ते ०.०१ सेकंदात कापले तर वेग सेकंदाला ०.४ मीटर, ०.०८ सेकंद लागले तर ०.०५ मीटर. या वेगाला यंत्र १ ते १२७ मधला एक अंक देते. निरनिराळ्या कंपन्यांची इलेक्ट्रॉनिक वाद्ये एकमेकांशी बोलू शकावीत म्हणून १९८३ मध्ये ‘मिडी’ नावाची जी भाषा ठरली, तिच्यातले हे अंक आहेत.

म्हणजे मोजणी झाली. पण मोजणी अचूक असूनही बोट फसू शकते. स्वस्त की-बोर्डात पट्टीखाली स्प्रिंग असते. हूकचा नियम तुम्हाला ठाऊक आहे. स्प्रिंग जितकी दाबावी तितकी ती जास्त जोराने उलट ढकलते. अशी पट्टी आरंभी हलकी आणि तळाशी जड लागते. खऱ्या पियानोत याच्या उलट अनुभव येतो. तेथे बोटाला हातोडीचे जडत्व जाणवते. न्यूटनच्या दुसऱ्या नियमाप्रमाणे त्वरण जितके जास्त तितके बल जास्त. म्हणून पट्टी सावकाश दाबताना हलकी वाटते आणि झटक्याने दाबताना जड. ही जाणीव हवी तर पट्टीला खरोखरच हातोडीसारखे वजन जोडायला हवे. चांगल्या स्टेज पियानोत तसे ते जोडलेले असते. खर्जाच्या पट्ट्यांना ते अधिक आणि तारसप्तकाकडे कमी कमी होत जाते, कारण खऱ्या पियानोतही खर्जाच्या हातोड्या मोठ्या असतात.

दुकानात विक्रेता सांगेल, “पट्ट्या वजनदार आहेत.” तुम्ही खिशातून नाणी काढा! २०११ च्या मालिकेतले एक रुपयाचे नाणे सुमारे पावणेचार ग्रॅम वजनाचे आहे. अशी चौदा नाणी, म्हणजे सुमारे ५२ ग्रॅम, पांढऱ्या पट्टीच्या पुढच्या कडेला एकावर एक ठेवा; शेजारच्या पट्टीला ती टेकू देऊ नका. खऱ्या पियानोची पट्टी साधारण ५० ग्रॅमला सावकाश खाली जाऊ लागते. पण एवढ्यावर विश्वासू नका. जाड स्प्रिंगही ५० ग्रॅम सहज पेलते. नाण्यांनी स्थिर वजन कळते, जडत्व कळत नाही. त्यासाठी तीच पट्टी आधी अगदी सावकाश आणि मग झटक्यात दाबून हाताला फरक जाणवतो का ते पाहा. फार सावकाश दाबल्यावर सूर उमटला, तर ते यंत्र तुमच्या बोटाची चूक पोटात घालत आहे असे समजा.

आणखी एक. पट्टी पूर्ण वर येऊ न देता, अर्ध्यातूनच पुन्हा दाबा. १८२१ मध्ये सेबास्टियन एरार याने पेटंट घेतलेल्या रचनेमुळे मोठ्या पियानोत असा सूर भराभर वाजवता येतो. विजेच्या पियानोत त्यासाठी पट्टीखाली तिसरा संवेदक लागतो.

आता आवाज. खऱ्या पियानोचे सूर ध्वनिमुद्रित करून स्मृतीत साठवतात. बहुधा सेकंदाला ४४,१०० नमुने घेऊन. एकच सूर मुद्रित करून तो लहानमोठा केला तर चालेल का? नाही. जोराने मारल्यावर हातोडीची लोकर दबून टणक होते आणि मूळ स्वराबरोबरचे वरचे अधिस्वर अधिक उमटतात. आवाज मोठा तर होतोच, शिवाय त्याचा पोतही बदलतो. म्हणून एकाच पट्टीची अनेक जोरांवरची मुद्रणे लागतात, किंवा तारेचे गणित मांडून आवाज त्या क्षणी घडवावा लागतो. एकच पट्टी हळू ते जोरात अशी वीस वेळा वाजवा. मध्येच आवाजाचा पोत पायरी चढल्यासारखा बदलला तर मुद्रणे थोडी आहेत. मग खर्जातली एक पट्टी दाबून धरा व कान देऊन ऐका. खऱ्या तारेचा नाद हेलकावत बराच वेळ विरत जातो. पंख्यासारखी एकसुरी घरघर ऐकू आली, तर मुद्रणाचा छोटा तुकडा पुनःपुन्हा फिरवला जात आहे.

माझ्या आवडीचा प्रयोग शेवटी. मधल्या सप्तकातील ‘सा’ इतक्या सावकाश दाबा की तो वाजणार नाही, आणि तसाच धरून ठेवा. दुसऱ्या हाताने एक सप्तक खालचा ‘सा’ ठसक्यात वाजवून लगेच सोडा. खऱ्या पियानोत वरचा ‘सा’ बारीक आवाजात गुणगुणत राहतो. खालच्या तारेच्या पहिल्या अधिस्वराची कंप्रता वरच्या तारेएवढी, म्हणजे मूळ स्वराच्या दुप्पट असते. त्यामुळे अनुस्पंदन होते. सतारीच्या तरफेच्या तारा अशाच बोलतात. (ही तरफ वेगळी, वर आलेली यंत्रातली वेगळी, शब्द मात्र एकच.) विजेच्या पियानोत तारच नसल्याने हे गुणगुणणे गणिताने निर्माण करावे लागते. ते ज्यांनी केले आहे त्यांनी बाकीचीही काळजी घेतलेली असण्याचा संभव जास्त.

पट्ट्या ८८ आहेत ना, ते मोजा. मैफलीचा मोठा पियानो जवळजवळ पाचशे किलोचा असतो आणि त्याच्या तारांचा एकत्रित ताण सुमारे २० टन. स्टेज पियानो दोघांना उचलता येतो. मात्र पुष्कळ स्टेज पियानोंना स्वतःचे स्पीकर नसतात. तेव्हा दोन नगांची तुलना करताना हेडफोन एकच वापरा, नाहीतर तुम्ही पियानोऐवजी हेडफोन पारखाल. पावसाळ्यात मुंबई-कोकणच्या दमट हवेने खऱ्या पियानोचे लाकूड फुगते आणि सूर उतरतात-चढतात. तो त्रास येथे नाही. धुळीचा मात्र आहे. स्विचवर कचरा बसला की वेळेची मोजणी चुकते आणि शांत चालीत एखादाच सूर अचानक ओरडतो किंवा मुका राहतो. म्हणून वाजवून झाल्यावर पट्ट्यांवर सुती कापड पसरून ठेवा.