रोज ऑफिस, कधीतरी ट्रॅक: पोलोच्या मागच्या सस्पेन्शनमध्ये आधी काय बदलायचं?

फोक्सवॅगन पोलो भारतात २०१० मध्ये आली आणि २०२२ मध्ये बंद झाली. गाडी आपल्या पुण्याजवळच्या चाकणची. आज सेकंडहँड पोलो घेऊन तिच्यावर प्रेम आणि पगार दोन्ही उधळणारे बरेच जण आहेत. यातला एखादा कधीतरी कोइम्बतूरजवळच्या कारी मोटर स्पीडवेवर ट्रॅक डेला जातो, आणि पहिल्या काही फेऱ्यांतच त्याच्या लक्षात येतं की स्टिअरिंग वळवलं तरी गाडीचं नाक सरळच पळतंय. याला अंडरस्टिअर म्हणतात. गंमत अशी की त्यावरचा बराचसा इलाज गाडीच्या मागच्या बाजूला असतो.

पोलोला मागे टॉर्शन बीम आहे. म्हणजे दोन्ही बाजूंचे दोन दांडे आणि त्यांना जोडणारी एक आडवी तुळई. एक चाक वर गेलं आणि दुसरं खाली राहिलं की ही तुळई पिळते. तिचा पिळायला होणारा विरोध हाच अँटी-रोल बारचं काम करतो. स्प्रिंग आणि शॉकअप इथे वेगवेगळ्या जागी बसतात. म्हणून पोलोसाठी ‘कॉइलओव्हर किट’ घेतलं तरी मागे मिळते ती उंची बदलता येणारी वेगळी स्प्रिंग आणि वेगळा शॉकअप. नाव ऐकून हुरळून जाऊ नका.

आता मुख्य मुद्दा. वळणावर आतल्या चाकांवरचा भार बाहेरच्या चाकांवर जातो. एकूण किती जाणार, हे गाडीचं वजन, गुरुत्वमध्याची उंची, चाकांमधलं अंतर आणि तुम्ही वळण किती जोरात घेताय यावर ठरतं. मागचं सस्पेन्शन कडक केल्याने हा एकूण आकडा फारसा बदलत नाही. बदलते ती वाटणी: पुढच्या चाकांच्या जोडीने किती सोसायचं आणि मागच्या जोडीने किती. टायरवरचा भार दुप्पट केला तरी ग्रिप दुप्पट होत नाही, थोडी कमीच भरते. त्यामुळे ज्या जोडीत भाराची अदलाबदल जास्त, तिची ग्रिप जास्त घटते. मागची बाजू कडक केली की मागची ग्रिप थोडी जाते, पुढची थोडी वाढते आणि नाक वळायला लागतं. ट्रॅकवर आतलं मागचं चाक हवेत उचललेले फोटो पाहिले असतील. फ्रंट व्हील ड्राइव्ह गाडीत ते नॉर्मल आहे.

पण हीच सेटिंग घेऊन तुम्ही जुलैमध्ये वरंध घाटात गेलात, रस्ता ओला आहे, मागच्या सीटवर घरचे आहेत, आणि वळणात दचकून ॲक्सिलरेटर सोडला, तर? भार पुढे जातो, मागची आधीच कमी असलेली ग्रिप आणखी कमी होते आणि गाडीची शेपटी बाहेर निघते. ईएसपी असेल तर ते सावरायला मदत करेल, पण पोलोच्या सगळ्या व्हेरिएंटना ते नव्हतं. म्हणून ‘ट्रॅकवर भारी वाटतं’ एवढ्यावर निवड करू नका.

माझं मत विचाराल तर पहिला पैसा शॉकअपवर. जुन्या गाडीत ते बहुतेक मेलेलेच असतात, आणि नुसते चांगले नवीन टाकले तरी निम्मी तक्रार मिटते. सोबत बीमचे बुश बघून घ्या, फाटले असतील तर आधी ते. रिबाउंड बदलता येणारे शॉकअप परवडत असतील तर उत्तम: रस्त्यावर मऊ, ट्रॅकवर काही क्लिक कडक.

नुसत्या लोअरिंग स्प्रिंग टाकणं ही मात्र सगळ्यात कॉमन चूक. समजा, मागच्या एका चाकावर सस्पेन्शनने पेललेलं वजन २०० किलो आहे आणि चाकाजवळ मोजलेला स्प्रिंगचा कडकपणा मिलिमीटरला २० न्यूटन. तर गाडी सेकंदाला साधारण १.६ वेळा डोलेल. स्प्रिंग ३० ची केली तर साधारण १.९५ वेळा. हे रोजच्या वापराला चालून जातं, ४० ला सव्वादोनच्या आसपास जाता आणि आपल्या खड्ड्यांत कंबरडं मोडतं. शिवाय २० वरून ३० वर जाताना जुन्या शॉकअपची डोलणं थांबवण्याची ताकद स्प्रिंगच्या मानाने सुमारे १८ टक्के कमी पडते. त्यात गाडी ३० मिलिमीटर खाली बसवली की मागे दोन माणसं बसल्यावर बंप स्टॉप लवकर लागतो. भर वळणात बंप स्टॉप लागला की सस्पेन्शन एका झटक्यात दगड होतं, आणि मागची चाकं सुटतात ती याच क्षणी.

मागचा जादा अँटी-रोल बार त्या मानाने स्वस्त. तो बीमलाच बोल्टने बसतो, उंची बदलत नाही, सरळ रस्त्यावर दोन्ही चाकं एकदम गतिरोधकावर चढली तर जाणवतही नाही. एका बाजूचा खड्डा मात्र जास्त बोचतो. बदलता येणारा मिळाला तर सगळ्यात मऊ सेटिंगपासून सुरुवात करा आणि आधी कोरड्या, मोकळ्या जागेत गाडी समजून घ्या.

फरक पडला की नुसता वाटला, हे फोनवर तपासता येतं. जर्मनीच्या आखेन विद्यापीठाचं फायफॉक्स हे मोफत ॲप घ्या, फोन डिकीच्या फरशीवर घट्ट चिकटवा, ॲक्सिलरेशन रेकॉर्डिंग चालू करा आणि ओळखीच्या गतिरोधकावरून ताशी १५ किलोमीटरने जा. गतिरोधक ओलांडल्यावर आलेख किती वेळा वर-खाली होतो ते मोजा. एखाद्या हेलकाव्यात शांत झाला तर ठीक, तीन-चार वेळा नाचला तर शॉकअप गेलेत. बदल करण्याआधी आणि नंतर तोच गतिरोधक, तोच वेग, टायरमध्ये तेवढीच हवा.

काम झाल्यावर चारही चाकांचं अलाइनमेंट करून रिपोर्ट मागून घ्या. मागचा टो आणि कॅम्बर पोलोत नट फिरवून बदलत नाही, स्टब ॲक्सलमागे पातळ शिम टाकावी लागते. त्यामुळे काही दुकानदार मागचे आकडे बघतच नाहीत. टो बाहेर गेलेला असेल तर गाडी हायवेवर अस्थिर वाटते आणि दोष नवीन स्प्रिंगला दिला जातो.

कागदपत्रांचंही बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरच्या तपशिलाशी न जुळणारा बदल चालत नाही, आणि २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही त्यावर शिक्कामोर्तब केलंय. विमा कंपनीला बदल लेखी कळवा. मूळ स्प्रिंग आणि शॉकअप मात्र भंगारात देऊ नका, माळ्यावर ठेवा.