प्रेक्षक रंगमंचावर येतो तेव्हा

ब्राझीलमधील रिओ द जानेरो या महानगराच्या नगरपरिषदेत १९९३ च्या जानेवारीत एक नाटककार नगरसेवक म्हणून दाखल झाला. ऑगस्तो बोआल हे त्याचे नाव. लोकप्रतिनिधींमध्ये एखादा कलावंत असणे ही काही अपूर्व गोष्ट नव्हे. अपूर्व होते ते पुढचेच. या नगरसेवकाने आपल्या कार्यालयात साहाय्यक म्हणून नाट्यकर्मींना घेतले, वस्त्यावस्त्यांतून रहिवाशांची नाट्यपथके उभी केली आणि त्यांच्या प्रयोगांतून निघालेल्या सूचनांचे कायद्यांच्या मसुद्यांत रूपांतर केले. चार वर्षांच्या मुदतीत असे तेरा कायदे नगरपरिषदेने संमत केले. योगायोग असा की, त्याच वर्षी २४ एप्रिल रोजी भारतात त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती अमलात आली आणि ग्रामसभेला संविधानात स्थान मिळाले. सामान्य माणसाला कारभारात बोलते कसे करावे, हाच प्रश्न दोन्हीकडे होता.

उपदेशाची फजिती

बोआल यांचा जन्म १९३१ चा. शिक्षण रसायनशास्त्राचे, ओढ मात्र नाटकाची. १९५६ पासून साओ पावलो येथील ‘अरेना’ या नाट्यसंस्थेत ते दिग्दर्शन करू लागले. साठीच्या दशकाच्या आरंभी त्यांची मंडळी ईशान्य ब्राझीलच्या दुष्काळी, जमीनदारांच्या वर्चस्वाखालील मुलखात नाटके घेऊन गेली. एका प्रयोगाच्या शेवटी नटांनी बंदुका उंचावून, आपल्या भूमीसाठी रक्त सांडले पाहिजे असे आवेशाने गायिले. प्रयोग संपताच एक शेतकरी भारावून पुढे आला आणि म्हणाला की, जमीनदाराच्या माणसांनी आमच्या एका सोबत्याची जमीन बळकावली आहे. तुम्ही बंदुका घ्या, जेवण करा आणि आमच्याबरोबर चला. नट ओशाळले. बंदुका खोट्या आहेत, असे त्यांनी सांगितले. मग खऱ्या आम्ही देतो, असे उत्तर आले. आपण लढणारे नव्हे, केवळ कलावंत आहोत, हे कबूल करण्यावाचून गत्यंतर उरले नाही. जो धोका आपण स्वतः पत्करणार नाही, तो पत्करण्याचा सल्ला दुसऱ्यास द्यायचा नाही, असा निश्चय बोआल यांनी त्या दिवशी केला.

ही हकिगत प्रबोधनाच्या क्षेत्रातील प्रत्येकाने ध्यानात ठेवण्याजोगी आहे. आपल्याकडेही केंद्र शासनाचा गीत व नाटक विभाग १९५४ साली स्थापन झाला आणि २०१७ मध्ये त्याचे अन्य विभागांत विलीनीकरण होईपर्यंत त्याने खेडोपाडी असंख्य कार्यक्रम केले. राज्यांची कलापथकेही फिरली. त्यांचे कार्य मोलाचे आहे. परंतु अशा कार्यक्रमात उत्तर आधीच ठरलेले असते. प्रेक्षकाने ते ऐकावे, टाळ्या वाजवाव्यात आणि घरी जावे, एवढीच त्याची भूमिका उरते.

झाडू हातात घेतलेली बाई

१९६४ साली ब्राझीलमध्ये लष्करी राजवट आली. १९७१ मध्ये बोआल यांना अटक झाली, त्यांचा छळ झाला आणि त्यांना देश सोडावा लागला. परागंदा अवस्थेत १९७३ साली त्यांनी पेरू देशाच्या साक्षरता मोहिमेत काम केले. तेथे ते प्रेक्षकांतील एखाद्याची खरी अडचण नाटकरूपाने मांडीत आणि ऐन प्रसंगी नाटक थांबवून पुढे काय करावे, हे प्रेक्षकांनाच विचारीत.

एकदा एक निरक्षर स्त्री आपली कथा घेऊन आली. नवरा घर बांधण्यासाठी म्हणून तिच्याकडून पैसे नेई आणि पावत्या म्हणून काही कागद आणून देई. तिने ते जपून ठेवले होते. पुढे संशय येऊन तिने ते शेजारणीकडून वाचून घेतले, तेव्हा ती नवऱ्याच्या प्रेयसीची पत्रे निघाली. त्या रात्री नवरा परत यायचा होता. तिने काय करावे? कोणी म्हणाले, रडावे; कोणी म्हणाले, घर सोडावे. नटांनी एकेक सूचना करून दाखविली. प्रेक्षकांतील एका धिप्पाड बाईचे मात्र समाधान होईना. त्याच्याशी स्पष्ट बोलावे, असे तिचे म्हणणे होते. नटीने निरनिराळ्या रीतींनी स्पष्ट बोलून पाहिले, तरी बाई मान हलवीत राहिली. अखेर बोआल यांनी तिलाच रंगमंचावर बोलाविले. ती आली, तिने झाडू उचलला आणि नवऱ्याची भूमिका करणाऱ्या नटाला चोप दिला. त्यानंतर त्याला क्षमा करून, आता स्वयंपाकघरातून माझ्यासाठी जेवण घेऊन ये, असे तिने फर्माविले. तिच्या मनातील ‘स्पष्ट बोलणे’ हे असे होते आणि स्वतः उठून आल्याखेरीज ते तिला सांगता आले नसते.

नवसाक्षरांचे वर्ग चालविणाऱ्या शिक्षकांना या कथेचा आणखी एक अर्थ उमगेल. अक्षर न येण्याची किंमत तीत उघड झाली आहे.

बोआल यांच्या ‘मंच-नाट्य’ या प्रकाराचा उगम या घटनेत आहे. त्याचे नियम थोडे आहेत. पंधरा-वीस मिनिटांची नाटिका दाखवायची. तिच्यात एखाद्या व्यक्तीवर अन्याय होतो आणि तिचा शेवट तिच्या पराभवात होतो. नंतर तीच नाटिका पहिल्यापासून पुन्हा सुरू करायची. आता प्रेक्षकांपैकी कोणीही ‘थांबा’ म्हणावे, पीडित व्यक्तीची जागा घ्यावी आणि आपला उपाय करून दाखवावा. बाकीचे नट आपापल्या भूमिकेत राहून त्याला जमेल तितका विरोध करतात, कारण प्रत्यक्ष आयुष्यात सावकार वा सासरा एका भाषणाने पाघळत नसतो. जुलूम करणाऱ्याचे मन जादूसारखे पालटले, हा उपाय ग्राह्य धरीत नाहीत. खेळ चालविणाऱ्याला बोआल यांनी पत्त्यांतील जोकरचे नाव दिले, कारण तो कोणत्याच रंगाचा नसतो. मराठी वाचकाला येथे आपला सूत्रधार आठवेल. श्रोत्यांना प्रश्न विचारून त्यांच्याच तोंडून उत्तर वदवून घेणारे गाडगेबाबांचे कीर्तन तर अधिकच आठवेल.

टेलिफोनचा कट्टा

मायदेशी परतल्यावर १९८६ पासून बोआल यांनी रिओ येथे केंद्र उभारले. १९९२ मध्ये हे केंद्र पैशाअभावी बंद पडण्याच्या बेतात होते. जाता जाता ज्या पक्षाविषयी आपलेपणा वाटतो, त्या पक्षाच्या निवडणूक प्रचारात नाटके करावीत, असे मंडळींनी ठरविले. बोआल स्वतः उमेदवार झाले आणि अनपेक्षितपणे निवडूनही आले.

त्यानंतरच्या कामाची पद्धत प्रशासकीय दृष्ट्या अभ्यासनीय आहे. झोपडपट्टीतील रहिवासी, वृद्ध, अंध, मनोरुग्ण अशा समूहांची कायम स्वरूपाची पथके तयार झाली. प्रत्येक प्रयोगात कोणी नाटक थांबविले आणि काय सुचविले, याचे टिपण ठेवले जाई. ही टिपणे नगरसेवकाच्या कार्यालयात येत. तेथे कायदेतज्ज्ञांसह बसलेला गट त्यांची छाननी करी. काही सूचनांना केवळ संबंधित कार्यालयाशी बोलणे पुरे होई, काहींसाठी न्यायालयात जावे लागे आणि काहींचे विधेयक बने.

अंधांच्या पथकाचे उदाहरण पाहावे. रिओच्या रस्त्यांवर सार्वजनिक टेलिफोनवर शिंपल्यासारखे मोठे गोलाकार छत्र असे. लोक त्याला ‘मोठा कान’ म्हणत. ते एका बारीक खांबावर उभे असल्याने अंध व्यक्तीची काठी त्याखालून निघून जाई आणि डोके छत्रावर आपटे. डोळस अभियंत्याच्या हे लक्षात येणे कठीण. उपाय मात्र साधा निघाला: छत्राखाली तेवढ्याच घेराचा काँक्रीटचा कट्टा घालावा, म्हणजे काठी आधी कट्ट्याला लागेल. वृद्धांच्या बाबतीत, महापालिकेच्या रुग्णालयांत वार्धक्यातील रोगांच्या उपचारांची सोय असावी असा कायदा झाला. मनोरुग्णांना कायमची इजा पोहोचविणाऱ्या उपचारांना प्रतिबंध करणारा कायदाही झाला. गुन्ह्यांच्या साक्षीदारांना संरक्षण देणारा कायदाही याच मार्गाने आला.

१९९६ च्या निवडणुकीत बोआल पुन्हा निवडून आले नाहीत. पथके मात्र काम करीत राहिली. घरकाम करणाऱ्या स्त्रियांच्या एका पथकाचा प्रयोग मोठ्या नाट्यगृहात झाला. प्रयोगानंतर त्यांतील एक स्त्री रंगभूषेच्या खोलीत रडताना आढळली. घरात आपण दिसू नये, ऐकू येऊ नये, अशीच तिला शिकवण मिळाली होती. त्या रात्री दिवे तिच्यावर होते आणि मालक मंडळी अंधारात बसून ऐकत होती. आरशात पाहिल्यावर आज आपल्याला मोलकरीण नव्हे, एक स्त्री दिसली, असे तिने बोआल यांना सांगितले. ज्याला आपण मनःस्वास्थ्य म्हणतो, त्याचा काही भाग या प्रसंगात असावा.

सुंदरबनातील पथके

भारतात ही पद्धत पश्चिम बंगालमध्ये रुजली. संजय गांगुली यांनी १९८५ साली सुंदरबनाच्या भागात ‘जन संस्कृती’ ही संस्था सुरू केली. आरंभी त्यांचीही नाटके संदेश देणारीच होती. बोआल यांच्या कार्याशी परिचय झाल्यावर त्यांनी मंच-नाट्य स्वीकारले. ‘सोनार मेये’ या नाटकात मुलीचे बालपण, तिला दाखविण्याचा कार्यक्रम, हुंडा आणि सासर असा क्रम आहे. तो पाहताना गावातील स्त्रियाच उठून मुलीची जागा घेतात. नट शेतमजूर आणि शेतकरी घरांतलेच आहेत. बोआल यांचे २ मे २००९ रोजी निधन झाले, त्यापूर्वी त्यांनी बंगालमधील हे काम प्रत्यक्ष पाहिले होते.

या पद्धतीला पडदा, दिवे वा वेशभूषा लागत नाही. शाळेचे आवार पुरते. खर्च अल्प आहे, म्हणून ती सोपी आहे असे मात्र समजू नये. महाराष्ट्रात ग्रामसभेपूर्वी महिलांची सभा घेण्याची तरतूद आहे. तेथे असा प्रयोग करता येईल. परंतु तेथे जी सून उठून ‘थांबा’ म्हणेल, तिला रात्री त्याच घरी परतायचे असते. पात्रांची नावे आणि घटना गावातील कोणा एकाकडे बोट दाखविणार नाहीत, ही काळजी आधी घ्यावी लागते. मुख्य म्हणजे एकच प्रयोग करून निघून जाणे या कामी चालत नाही. ‘जन संस्कृती’ची पथके त्याच गावात त्याच विषयावर पुन्हा पुन्हा जातात. पहिल्या वेळी बहुधा धीट पुरुषच पुढे येतात. मागच्या रांगेतील बाया उठतात त्या दुसऱ्या-तिसऱ्या खेपेस.