दिवस जाण्यापूर्वी दोघांचे रक्त तपासा

मामाची मुलगी करण्याची चाल आपल्या राधानगरी भागात अजून आहे. अशा लग्नातील बहुतेक मुले धडधाकटच होतात, हे आधी सांगितले पाहिजे. मात्र एकाच आजी-आजोबांकडून आलेला दोष नवरा-बायको दोघांतही असण्याचा संभव नात्यात वाढतो. थॅलेसेमिया हा अशांपैकीच एक आजार. नात्याबाहेरच्या लग्नांतही तो आढळतो.

यात मुलाच्या शरीरात पुरेसे हिमोग्लोबिन तयार होत नाही. काही महिन्यांतच मूल पांढरे पडू लागते. मग दर तीन-चार आठवड्यांनी रक्त भरणे आले, तेही जन्मभर. त्यातून अंगात साठणारे लोह काढण्याची औषधे वेगळीच. आई-बाप मात्र निरोगी असतात. ते या दोषाचे नुसते वाहक. दोघेही वाहक असतील तर मूल आजारी होण्याची शक्यता चारात एक. 'एक आजारी झाले, आता पुढची तीन चांगली' असा हिशेब लोक मांडतात. तो खरा नव्हे. प्रत्येक गरोदरपणात शक्यता तेवढीच राहते.

माझ्या एका रुग्ण महिलेचे रक्त लोहाच्या गोळ्यांनी वाढेना. तपासणीत ती वाहक निघाली. दिराच्या मुलाला हाच आजार होता, म्हणून नवऱ्यालाही तपासून घ्या म्हटले. "मला काय झालंय डॉक्टर? दिवसभर ऊस भरतोय," हे त्याचे उत्तर! तयार होईपर्यंत पत्नीला नववा आठवडा लागला होता. तोही वाहक निघाला.

इथे वेळेला फार महत्त्व आहे. गर्भाला आजार आहे का, हे पाहण्यासाठी साधारण अकराव्या ते तेराव्या आठवड्यात वारेचा बारीक अंश काढतात. पण त्याआधी दोघांच्या जनुकांत नेमका कोणता बिघाड आहे हे ठाऊक असावे लागते, आणि ती तपासणी मोठ्या शहरातच होते. अकरावा आठवडा हुकला तर पंधराव्यानंतर गर्भजल परीक्षा करता येते. दोन्हींत गर्भपाताचा थोडा धोका असतोच.

गर्भजल परीक्षा म्हटले की आपल्याकडे लोक दचकतात. २००१ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे ८३९ च मुली होत्या. तेव्हा दचकणे साहजिक आहे. पण १९९४ च्या कायद्याने बंदी आहे ती लिंग सांगण्यावर. आनुवंशिक आजारासाठी नोंदणीकृत केंद्रात ही परीक्षा कायदेशीर आहे.

अहवाल वाईट आला तर? २०२१ च्या दुरुस्तीनंतर वीस आठवड्यांपर्यंत एका, तर ठराविक कारणांसाठी चोवीस आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांच्या मताने गर्भपात करता येतो. गर्भात गंभीर व्यंग असल्यास त्यानंतरही वैद्यकीय मंडळाकडे जाता येते. संमती लागते ती त्या सज्ञान स्त्रीचीच. नवऱ्याची किंवा सासूबाईंची सही कायदा मागत नाही.

काय करावे हे मी सांगत नाही. वर सांगितलेल्या जोडप्याने तपासणी करून घेतली. दुसऱ्या एका जोडप्याने "जे होईल ते आमचंच" म्हणून नको म्हटले. दोघांनाही मी आजार, उपचार आणि खर्च सारखाच समजावून सांगितला होता.

वाहक निघालेल्याच्या भावा-बहिणींनीही तपासून घ्यावे. साध्या रक्ततपासणीत तांबड्या पेशी लहान दिसल्या, तर हिमोग्लोबिनचा प्रकार पाहणारी तपासणी करण्याविषयी डॉक्टरांना विचारा. ही आयुष्यात एकदाच करावी लागते. कागद जपून ठेवा.