काळवंडणारा बर्फ

१८७० च्या उन्हाळ्यात स्वीडिश संशोधक नॉर्डेन्शेल्ड ग्रीनलंडच्या हिमचादरीवर चढले. सोबत स्वेन बर्गग्रेन हे वनस्पतिशास्त्रज्ञ होते. वाटेत बर्फावर जागोजागी तपकिरी छटा दिसली. तपासणीत ते शैवाल निघाले. हे शैवाल ऊन शोषून बर्फ वितळवते, असे नॉर्डेन्शेल्ड यांनी तेव्हाच मांडले. मात्र हवामानाच्या गणितात त्याला जागा मिळायला शंभराहून अधिक वर्षे जावी लागली.

या शैवालाचे नाव अँसायलोनेमा. त्याच्या पेशीत हरितद्रव्य असतेच, शिवाय एक गडद जांभळट-तपकिरी रंगद्रव्यही असते. उंचावरच्या प्रखर उन्हापासून आणि अतिनील किरणांपासून ते पेशीचे रक्षण करते. शोषलेल्या उन्हाची उष्णता भोवतीच्या बर्फाला लागते, बर्फ पाझरतो आणि शैवालाला जगण्यापुरते पाणी मिळते. वितळत्या बर्फातून वर येणारी खनिज धूळ त्याला फॉस्फरस पुरवते. परिस्थिती अनुकूल असली की साधारण पाच दिवसांत पेशी दुप्पट होतात.

शेजारीच दुसरी वस्ती असते. वाऱ्याने आणलेले धूळकण सायनोबॅक्टेरियांच्या तंतूंत गुंफले जातात आणि त्यांचे काळे दाणे बनतात. उन्हाने तापून हे दाणे बर्फात खाली उतरतात. वर पाण्याने भरलेले गोल छिद्र राहते आणि तळाशी गाळ. त्या गाळात जिवाणू असतात, त्यांच्यावर जगणारे टार्डिग्रेडसारखे सूक्ष्म प्राणीही असतात.

ताजे हिम ८० ते ९० टक्के सूर्यप्रकाश परत फेकते. शैवालाने काळवंडलेला बर्फ निम्म्याहूनही कमी. नैर्ऋत्य ग्रीनलंडमध्ये २०१७ च्या उन्हाळ्यात उघड्या बर्फावरून वाहून गेलेल्या पाण्यापैकी १० ते १३ टक्के पाणी शैवालामुळे वितळले, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आहे. तापमान वाढले की हिवाळी हिमाचा थर लवकर सरतो. खालचा बर्फ अधिक दिवस उघडा राहतो, शैवालाचा हंगाम लांबतो, बर्फ आणखी काळवंडतो आणि आणखी वितळतो.

हिमालयातही हे घडते. नेपाळच्या लांगटांग खोऱ्यातील याला हिमनदीवर जपानी संशोधक शिरो कोशिमा यांना एक चिलटवर्गीय कीटक सापडला. १९८४ मध्ये त्यांनी त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. त्याला उडता येत नाही, पण उणे १६ अंशांतही तो बर्फावर चालतो. त्याच्या अळ्या हिमनदीतले शैवाल आणि जिवाणू खाऊन वाढतात. म्हणजे बर्फावर एक आख्खी अन्नसाखळी नांदते आहे! गोव्यात वास्को येथे असलेल्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राने २०१६ मध्ये स्पितीत ४,००० मीटरहून अधिक उंचीवर ‘हिमांश’ हे केंद्र सुरू केले. तिथून हिमनद्यांची मोजणी होते. धूळ, काजळी आणि शैवाल यांचा वाटा वेगवेगळा मोजायचा, तर अशी प्रत्यक्ष बर्फावरची नोंद हवीच. उपग्रहाला दिसणाऱ्या काळेपणात हे तिन्ही मिसळलेले असतात.

या जिवांना दोषी ठरवण्यात अर्थ नाही. ते बर्फावर फार पूर्वीपासून राहतात. त्यांचा हंगाम लांबवला तो आपण. ग्रीनलंडचा सगळा बर्फ वितळला तर समुद्र सुमारे ७ मीटर चढेल. त्याला शतके लागतील, पण तो वेग ठरवणाऱ्या हिशेबात शैवाल धरावेच लागेल. हिमचादरीवरून शैवाल पुसून काढणे कोणालाच शक्य नाही. बर्फ उघडा पडण्याचे दिवस मात्र आपल्या धुराड्यांवर ठरतात, आणि तिथे कपात करणे शक्य आहे.