हिंगोलीवरून जाणारं पाहुण्यांचं घर

सूर्य मावळून तासभर झाला की औंढा नागनाथच्या आकाशात कधीकधी एक ठळक ठिपका पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकताना दिसतो. तो लुकलुकत नाही, विमानासारखे लाल-हिरवे दिवेही त्याला नसतात. पाच-सहा मिनिटांत तो दिसेनासा होतो. हे आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक. सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून, ताशी २८ हजार किलोमीटर वेगानं ते दीड तासात पृथ्वीला एक फेरी घालतं.

पदरचे पैसे मोजून तिथं पोहोचलेला पहिला पर्यटक डेनिस टिटो. २८ एप्रिल २००१ रोजी, साठाव्या वर्षी, तो बायकोनूरहून रशियाच्या सोयुझ यानातून निघाला. तिकीट सुमारे दोन कोटी डॉलर. नासाचा या सहलीला विरोध होता. गंमत अशी, की तरुणपणी याच नासाच्या मंगळमोहिमांच्या मार्गांची गणितं त्यानं मांडली होती.

आता खासगी कंपन्याच अशा मोहिमा आखतात. २५ जून २०२५ रोजी भारताचे शुभांशु शुक्ला अ‍ॅक्सिअम कंपनीच्या अशाच मोहिमेतून गेले. ते पर्यटक नव्हेत. त्यांच्या जागेचे पैसे भारत सरकारनं भरले आणि त्यांनी तिथं मूग-मेथीला मोड आणण्यापासून अनेक प्रयोग केले. कक्षेत गेलेले पहिले भारतीय राकेश शर्मा आणि शुक्ला, दोघेही खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत घडले, हे महाराष्ट्रानं अभिमानानं सांगावं.

स्थानकात गुरुत्वाकर्षण नसतं, हा समज मात्र चुकीचा. त्या उंचीवर ते जमिनीवरच्या जवळपास नव्वद टक्के असतं. स्थानक सतत पृथ्वीकडे पडत असतं. पण पुढचा वेग इतका, की खालची जमीनही तेवढीच वळत जाते. आतली माणसं स्थानकाबरोबरच पडतात, म्हणून तरंगतात. या वजनरहित अवस्थेत गरम हवा वर जात नाही. झोपलेल्याचा उच्छ्वास नाकासमोरच साचू शकतो, म्हणून पंखे अखंड चालू ठेवावे लागतात. रक्त डोक्याकडे सरकून चेहरा सुजतो, पाय बारीक दिसतात.

याच मुक्त पतनाच्या कल्पनेतून आइन्स्टाइनचा गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत उभा राहिला, आणि त्यानं भाकीत केलेल्या गुरुत्वीय लहरी टिपण्यासाठी औंढा तालुक्यातल्या दुधाळ्याला चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांची लायगो-इंडिया वेधशाळा होते आहे. जिल्ह्यातल्या शिक्षकांनी स्थानक दिसण्याच्या वेळा नासाच्या मोबाइल अ‍ॅपवर पाहून मुलांना एका संध्याकाळी मैदानावर जरूर बोलवावं. दुर्बीण लागत नाही.