मातीच्या गोष्टी (भाग ९) : कातळावरची बाग

मागच्या भागात विदर्भातली काळी माती साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यापासून झाली, हे आपण पाहिलं. मग जिथे लाव्हा आजही वाहतो, तिथे बाग किती फोफावत असेल, असं वाटणं साहजिक आहे. हवाईच्या मोठ्या बेटावर, किलावेया ज्वालामुखीच्या पूर्वेला पुना नावाचा भाग आहे. तिथे बाग करणाऱ्याला आधी मातीच शोधावी लागते.

लाव्हा थंड झाला की उरतो तो दगड. त्यात लोह, मॅग्नेशियम, कॅल्शियम आहे, पण कुलपात. नत्र जवळजवळ नाहीच. गुळगुळीत, दोरखंडासारखा वळलेला तो पाहोएहोए आणि पायाला बोचणारा, खडबडीत तो आआ. आपल्या सह्याद्रीतल्या थरांनाही भूवैज्ञानिक याच हवाई शब्दांनी ओळखतात. देवगड-रत्नागिरीकडे कातळ फोडून, बाहेरची माती भरून हापूसचं कलम लावतात. पुनातल्या पपईवाल्याची मेहनतही त्याच जातीची. दगडात खळगा करायचा, मूठभर माती घालायची, रोप लावायचं.

जवळच्या हिलो गावात वर्षाला सुमारे ३२०० मिलिमीटर पाऊस पडतो. तरी झाडं तहानतात, कारण पाणी भेगांतून सरळ खाली जातं आणि जाताना खतही घेऊन जातं. म्हणून खत एकदम न देता थोडं थोडं, पुन्हा पुन्हा द्यायचं आणि बुंध्याशी पालापाचोळ्याचा जाड थर राखायचा. माझ्या मते तिथल्या बागेचं खरं भांडवल हा पाचोळाच.

ज्वालामुखीतून निघणाऱ्या सल्फर डायऑक्साइडचं धुकं व्हायला लागलं की त्याला तिथे ‘व्हॉग’ म्हणतात. कोवळ्या पानांच्या कडा करपतात, शिरांमधला भाग तपकिरी पडतो. असं धुकं ओसरल्यावर पानं स्वच्छ पाण्यानं धुतात. अनेक घरांत नळ नाही, छपरावरचं पाणी टाकीत साठवतात. उद्रेकाच्या दिवसांत टाकीकडे जाणारा पन्हळीचा पाइप आधी सोडवायचा. वाऱ्याबरोबर काचेचे सोनेरी, केसाइतके बारीक धागे येतात. अग्निदेवतेच्या नावावरून ते ‘पेलेचे केस’. हाताळले तर बोटात कुसळासारखे मोडतात.

३ मे २०१८ रोजी पुनातल्याच लेलानी वसाहतीत जमीन फाटली. त्या उद्रेकात ७००हून जास्त घरं गेली आणि त्यांच्यासोबत अंगणंही.

अशा नव्या दगडावर शेवाळं, दगडफूल, नेचे येतात आणि भेगेत उगवतो ओहिया. हा आपल्या जांभळाच्या कुळातला. फूल म्हणजे लाल केसरांचा झुबका. व्हॉग दाटला की तो पानांची रंध्रं मिटून घेतो. गेल्या दशकापासून एक बुरशी या झाडांना मारते आहे आणि ती सालीच्या जखमेतून आत शिरते. म्हणून पुनातला जाणता बागकाम करणारा ओहियाची फांदी शक्यतो छाटत नाही, आणि छाटावीच लागली तर आधी कात्री अल्कोहोलनं पुसून घेतो.