दोन तोळ्यांची माळ, वीस पैशांची

एक किलो पुठ्ठ्यात साधारण २ हजार मणी बसतात. एका मण्याला पट्टी लागते अर्धा इंच रुंद आणि १० इंच लांब. पण ती एका टोकाला निमुळती, म्हणजे निम्मीच. वजन अर्ध्या ग्रॅमच्या आतबाहेर. ४० मण्यांची माळ केली तर पुठ्ठा गेला २० ग्रॅम, सराफाच्या भाषेत दोन तोळे. आमच्या भडगावात भंगारवाला पुठ्ठा किलोमागे दहाएक रुपयांनी नेतो, तेव्हा ही दोन तोळ्यांची माळ पडली वीस पैशांना! आमच्या जिल्ह्याच्या ठिकाणाला, जळगावला, सुवर्णनगरीचा मान आहे. इथे असली माळ घालून लग्नाला जायचं म्हणजे छाती लागते.

माझं बाइंडिंगचं दुकान. सासऱ्यांनी सुरू केलेलं, त्यांच्या मागे मी चालवते. शाळांची हजेरीपुस्तकं, सोसायट्यांची कीर्द-खतावणी, परीक्षेच्या दिवसांत मुलांच्या प्रोजेक्टच्या फायली. दिवसभर हातात पुठ्ठा, खळ आणि सुरी. त्यामुळे बचत गटाच्या बायका मोबाइलमधला हैतीतल्या पुठ्ठ्याच्या दागिन्यांचा व्हिडिओ घेऊन आल्या, तेव्हा पहिला प्रश्न माझ्या तोंडून निघाला तो पुठ्ठा कुठला, हा.

कारण सगळा पुठ्ठा वळत नाही. फ्रिज-टीव्हीचं खोकं असतं ते नालीदार, दोन कागदांच्या मध्ये लाटा असलेलं. ते वळायला गेलं की लाटा चेपतात आणि मणी ओबडधोबड होतो. आम्ही वहीला लावतो तो जाड राखाडी पुठ्ठा तर मोडेल, पण वळणार नाही. मण्याच्या कामाचा तो डुप्लेक्स: एका अंगाला पांढरा, गुळगुळीत, छापलेला आणि पाठीकडून राखाडी. बिस्किटांचे मोठे पुडे, साडीचे बॉक्स, चहाची खोकी, सगळी त्यातली. मिठाईचा बॉक्स दिसायला छान, पण तुपाचा डाग पडला असेल तर तिथे गोंद धरत नाही. हैतीत वापरतात ती सकाळी दुधात घालून खायच्या कॉर्नफ्लेक्सची खोकी. तीही याच जातीची.

दुसरी गोष्ट धाग्याची. कापडाला उभा-आडवा धागा असतो तसा कागदालाही असतो. मिलमध्ये लगदा जाळीवरून धावतो, तेव्हा तंतू धावण्याच्या दिशेने पडतात. पुठ्ठ्याचा तुकडा दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून बघायचा. ज्या बाजूने तो सहज वाकतो, त्याच बाजूने तो काडीभोवती गुंडाळला जायला हवा. उलट्या बाजूने गुंडाळला तर वरचा छापील पापुद्रा तडकतो आणि मण्यावर पांढऱ्या चिरा दिसतात. बाइंडरला हे बोटांनीच कळतं, पण गटातल्या बायकांनाही ते समजायला फार वेळ लागला नाही. ज्वारीची भाकरी थापणाऱ्या हाताला कडा कधी चिरते हे वेगळं शिकवावं लागत नाही.

पट्टी कापली की ती फूटपट्टीच्या कडेवरून ओढून घ्यायची, म्हणजे तिला आपोआप बाक येतो. मग सायकलच्या आऱ्यावर रुंद टोकाकडून गुंडाळायला लागायचं. पहिला वेढा घट्ट बसला तरच मणी घट्ट. दोन वेढ्यांनंतर आतून गोंदाचं बोट फिरवायचं आणि निमुळतं टोक मण्याच्या बरोबर मध्यावर येईल असं सांभाळत न्यायचं. पट्टी जरा तिरकी गेली की मणी एका अंगाला झुकतो. छापील रंग बाहेर ठेवला तर कडेकडेने रंगांच्या बारीक रेषा उमटतात. चहाच्या लाल-हिरव्या खोक्यातून जो मणी निघतो, तो कोणत्या खोक्याचा हे ओळखून दाखवावं! गोंद वाळला की आरा काढून घ्यायचा, मणी तारेत ओवून ती तार केळीच्या खांबात खोचायची आणि वार्निशचे दोन-तीन हात द्यायचे. आधीचा हात पुरता वाळल्याशिवाय पुढचा द्यायचा नाही, नाहीतर मणी चिकट राहतो आणि मानेला लागतो. केळीचा खांब ही खानदेशातली फुकट मिळणारी वस्तू, तार कुठेही टोचा.

एक सांगून ठेवते. बाइंडिंगची मैद्याची खळ इथे वापरू नये. तिला कसर लागू नये म्हणून आम्ही मोरचूद घालतो. ते विष आहे, आणि लहान मूल आईच्या गळ्यातला मणी तोंडात घालतंच.

व्हिडिओतला हैती हा कॅरिबियन समुद्रातला देश, एका बेटाचा पश्चिमेकडचा तुकडा. १८०४ मध्ये तिथल्या गुलामांनी फ्रेंचांना हरवून स्वातंत्र्य मिळवलं. फ्रान्सने १८२५ मध्ये गलबतं आणून उभी केली आणि बुडालेल्या मळ्यांची नि गुलामांची भरपाई म्हणून १५ कोटी फ्रँक मागितले. पुढे रक्कम कमी झाली, तरी त्यापायी काढलेली कर्जं विसाव्या शतकापर्यंत फिटत होती. सावकारी पाश काय असतो हे कापसाच्या पट्ट्यात निराळं सांगायला नको. त्यावर १२ जानेवारी २०१० रोजी भूकंप झाला आणि राजधानी पोर्तोप्रिन्सचा मोठा भाग जमीनदोस्त झाला.

मण्यांचं काम भूकंपाआधीच सुरू झालेलं. शेली क्ले नावाच्या अमेरिकन बाई नवऱ्याबरोबर तिथे गेल्या. अनाथाश्रमांतल्या बऱ्याच मुलांची आई किंवा बाप जिवंत आहे, खायला घालता येत नाही म्हणून मूल तिथे ठेवून गेले आहेत, हे त्यांच्या ध्यानात आलं. आईच्या हाताला काम मिळालं तर मूल घरी राहील, या विचाराने त्यांनी ‘अपॅरंट प्रोजेक्ट’ उभा केला. टाकलेल्या खोक्यांचे मणी, त्यांच्या माळा, बांगड्या, कानातले. आणि विक्री मुख्यतः अमेरिकेत. पुढे हाच व्याप ‘पॅपियाँ’ या नावाने वाढला.

टाकाऊतून कला करणं त्या देशाला नवीन नव्हतं. पोर्तोप्रिन्सजवळच्या क्रुआ-दे-बुके गावात तेलाचे रिकामे पिंप कापून, ठोकून, पत्र्याची नक्षी करतात. त्याची सुरुवात जॉर्ज लिओतो या लोहारापासून झाली. तो कबरींवरचे लोखंडी क्रूस करायचा. जाकमेल गावात कार्निव्हलसाठी कागदाच्या लगद्याचे मुखवटे होतात. हे वाचल्यावर माझ्या डोळ्यांपुढे आमचा भंगारबाजारच आला, फक्त आपल्याकडे पिंपाची कोठी होते, चित्र होत नाही.

पण मला या सगळ्यात रस वाटला तो विकण्याच्या बाजूत. मणी वळायला कोणीही शिकेल. युगांडाची राजधानी कंपाला इथे यादवीमुळे उत्तरेकडून पळून आलेल्या बायका मासिकांच्या पानांचे मणी वळत होत्या. २००४ मध्ये तीन अमेरिकन बायकांनी ते पाहिले आणि ‘बीड फॉर लाइफ’ सुरू केलं. अमेरिकेत घरोघरी मण्यांची हळदीकुंकवं म्हणावीत असे कार्यक्रम झाले, माल खपला. तरी त्या संस्थेने एक शहाणपण केलं. एका बाईचे मणी ठरावीक काळापुरतेच घ्यायचे, तेवढ्यात तिने बचत करून गावातच चालणारा दुसरा धंदा उभा करायचा. परदेशी गिऱ्हाइकाचं मन कधी फिरेल याचा नेम नाही, हे त्यांनी ओळखलेलं होतं. हैतीत २०२४ मध्ये टोळ्यांच्या गोळीबारामुळे राजधानीचा विमानतळ जवळजवळ तीन महिने बंद होता. ज्या गावातला माल विमानानेच बाहेर जातो, तिथे मणी कितीही सुबक वळला तरी त्या दिवसांत त्याचं काय करायचं?

आपल्याकडे पुठ्ठ्याचे दागिने पूर्वीपासून विकले जातात, फक्त त्यांना कोणी तसं म्हणत नाही. लग्नातलं बाशिंग बघा, कागद, पुठ्ठा आणि बेगड. आणि हलव्याचे दागिने! डिसेंबर लागला की माझ्याकडे मापं येतात: कंबरपट्ट्याला इतक्या लांबीची पट्टी, बाजूबंदाला पानाचा आकार, बोरन्हाणाच्या बाळाला मुकुट. त्यावर सोनेरी कागद, त्यावर हलवा. नव्या सुनेची पहिली संक्रांत असली की काळी साडी आणि हे दागिने आलेच. जावयाला हार आणि नारळ. पूर्वी हे पुण्या-मुंबईकडचं जास्त, आता आमच्याकडेही मागणी असते. डबे बांधून अमेरिकेतल्या नातवालाही जातात. हलवा करणं हे फार चिकाटीचं काम. मंद आचेवर तिळावर किंवा खसखशीवर पाक चमचा-चमचा सोडत बोटांनी हलवत बसायचं, तेव्हा कुठे काटा येतो. त्यात पुष्कळ घरांची दोन-तीन महिन्यांची मिळकत आहे.

हलव्याचा कंबरपट्टा कोणी दया म्हणून घेत नाही. संक्रांत आहे, सून आहे, फोटो काढायचा आहे, म्हणून घेतात. आणि काटा चांगला नसेल तर परत करतात. गटाच्या बायकांना मी तेच सांगत होते. ‘गरीब महिलांना आधार द्या’ अशी पाटी टेबलावर लावलीत तर माणूस एकदा घेईल आणि घरी जाऊन खणात टाकेल. त्याला पुन्हा यावंसं वाटायचं तर मणी गोल हवा, आकडी पक्की हवी आणि घामाने रंग जायला नको.

पर्यावरणाची पाटीही मला फारशी पटत नाही. हैतीत कचरा उचलायची व्यवस्थाच तोकडी, तिथे खोकं गटारात जातं. आपल्याकडे पुठ्ठा कचऱ्यात राहतो कुठे? वेचणारी बाई, भंगारवाला, मोठा व्यापारी असं करत तो कागद मिलमध्ये पोचतोच. माळेने वाचवला तो २० ग्रॅम, आणि वार्निश दिलेला मणी पुन्हा लगद्याच्या कामाचा नाही. माळेची किंमत हाताची आहे, तेवढंच खरं सांगावं.

कागद परत वापरण्यात खानदेश काही मागे नव्हता. आमच्यापासून जवळच असलेलं एरंडोल एकेकाळी जाड्याभरड्या देशी कागदासाठी नावाजलेलं होतं, इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटिअरमध्ये तशी नोंद आहे. देशी कागद चिंध्या, जुनं गोणपाट, रद्दी असलं कुटूनच होई. आणि घरोघरी बायका रद्दी भिजवून, त्यात वाटलेली मेथी घालून, पालथ्या घमेल्यावर लगदा थापून टोपल्या करत. मेथीने चिकटपणा येतो आणि तिच्या कडूपणामुळे किडाही लागत नाही. माझ्या माहेरी शेवया अशाच टोपलीत असत. त्या टोपल्या कोणी विकल्या नाहीत. वेळ मोजायची पद्धतच नव्हती.

आता मोजावा लागतो. हात बसलेली बाई तासाला तीसेक मणी वळते. ४० मण्यांना सव्वा तास, वार्निश आणि ओवणं धरून दोन तास. निंदणीचा रोज आठ तासांना ३०० धरला तर दोन तासांचे ७५ रुपये. गोंद, वार्निश, दोरा, आकडी यांचे २० धरा. झाले ९५. शहरातला दुकानदार ४० टक्के ठेवतो, म्हणजे माळेवर चिठ्ठी लागली पाहिजे १६० रुपयांची. आठवडी बाजारात प्लास्टिकची चकचकीत माळ ५० रुपयांना मिळते. तेव्हा ही माळ भडगावच्या बाजारात बसून विकायची नाहीच. तिचं गिऱ्हाईक मुंबईच्या महालक्ष्मी सरस प्रदर्शनात, पुण्याच्या दुकानात, हातमागाची साडी नेसणाऱ्या बाईकडे. हैतीच्या बाईलाही आपलं गिऱ्हाईक समुद्रापलीकडेच सापडलं.

शेजारच्या आजींनी माळ हातात घेऊन उलटीसुलटी केली. “हाई काय शे वं माय?”

“पुठ्ठा शे, आजी.”

“काय सांगस!” म्हणाल्या, आणि गळ्यातल्या पोतीशेजारी धरून बघितली. विकत घेता का विचारलं तर हसल्या. सोनं अडीअडचणीला मोडता येतं, ही मोडली तर काय मिळणार, हा त्यांचा सवाल. तो बिनतोड आहे. पण त्यांच्या नातीने बारीक मण्यांचे कानातले लगेच उचलले, तेही पैसे देऊन.

मध्यंतरी एका दुकानदाराने २०० माळांची ऑर्डर देऊ केली, माळेला ६० रुपये. बायका हरखल्या. मी वहीचं मागचं पान काढलं. साहित्याचे २० गेले की उरले ४०, तासाला २०. निंदणीला पडतात साडेसदतीस. ४०० तास खाली मान घालून बसायचं आणि शेतातल्यापेक्षा कमी घ्यायचं. गटात चांगलाच वाद झाला. “घरात, सावलीत बसून होतं ना,” असं एकीचं म्हणणं, आणि मे महिन्यातल्या आमच्या उन्हात ते अगदीच खोटं नाही. शेवटी त्याला उलट सांगितलं: माळा नाहीत, कानातले घ्या. जोडीला मणी दोन, वेळ फार तर पाव तास, साहित्य ५ रुपयांचं. दुकानात ४० ला विकले तरी गटाला २४ येतात. त्याने ५० जोड्या नमुन्याला मागितल्या आहेत. आकड्या जळगावहून आणायच्या, पण स्टीलच्याच, कारण पितळी आकडीने पुष्कळ जणींचे कान चिघळतात.